कंठाळीपासून सॅडलबॅगपर्यंत : जांबोटीच्या वाटेवरचे ओझे

गोव्यातून घाटमाथ्यावर चढणाऱ्या वाटा अनेक आहेत. रामघाट, चोर्ला, अनमोड, तिनईघाट अशी त्यांची नावे जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतात. त्यांपैकी साखळी-केरीहून चोर्ला, कणकुंबी आणि जांबोटी करीत बेळगावला पोचणारी वाट ही आजच्या मोटरसायकलवाल्यांची विशेष लाडकी. जांबोटी हे खानापूर तालुक्यातले गाव, बेळगावपासून तीसेक किलोमीटरवर. बेळगाव, खानापूर आणि चोर्ला अशा तीन बाजूंचे रस्ते इथे एकत्र येतात. सुटीच्या दिवशी सकाळी या तिठ्यावर उभे राहिले, तर गोव्याच्या नंबरप्लेटच्या मोटरसायकली एकामागून एक येताना दिसतात. काही दिवसभर भटकून परतणाऱ्या, तर काही कोल्हापूर, पुणे, हंपी आणि थेट लडाखपर्यंत निघालेल्या. लांबच्या गाड्या लगेच ओळखू येतात. त्यांच्या मागच्या सीटवरून दोन्ही अंगांना सारख्या वजनाच्या दोन पिशव्या लोंबत असतात, मध्ये एक वळकटी आडवी बांधलेली असते आणि टाकीवर एक लहान पिशवी असते.

सामान बांधण्याची ही तऱ्हा परदेशी मासिकांतून किंवा इंटरनेटवरून आपल्याकडे आली असा पुष्कळांचा समज आहे. सॅडलबॅग हे नाव तिकडून आले हे खरे. वस्तू मात्र आपल्याच डोंगरातली, कित्येक शतके वापरातली आहे. तिला मराठीत 'कंठाळ' म्हणतात. बैलाच्या पाठीवर आडवी टाकलेली, दोन्ही बाजूंना पोती लोंबणारी जोडगोणी म्हणजे कंठाळ. गोव्याचे मीठ घाटावर गेले आणि घाटावरचे धान्य गोव्यात उतरले ते अशा कंठाळींतून. म्हणून मोटरसायकलवरून लांबच्या प्रवासाला निघण्याची तयारी हा विषय मला या वाटेच्या इतिहासातून पाहावासा वाटतो. माणूस प्रवासाला काय घेऊन निघतो, यावरून त्याला वाटेची किती ओळख आहे हे कळते.

आधी वाट समजून घेऊ. केरी हे गाव डोंगराच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून फारसे उंच नाही. तिथून वर चढत गेले की काही किलोमीटरांच्या अंतरात आपण सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या कणकुंबीला पोचतो. कणकुंबीच्या माउलीच्या मंदिराजवळ मलप्रभेचा उगम आहे. ही नदी पूर्वेला वाहत जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरात जाते. त्याच खानापूर तालुक्याच्या रानात देगावजवळ उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला वळून गोव्यात उतरते आणि मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते. म्हणजे जांबोटी-कणकुंबीचा हा टापू म्हणजे दोन समुद्रांच्या पाण्याची वाटणी करणारा माथा. इथला पाऊस बेळगाव जिल्ह्यातल्या सर्वांत जास्त पावसांपैकी. जांबोटी सोडून कुसमळीला मलप्रभा ओलांडली आणि बेळगावच्या दिशेने निघालो, की पाहता पाहता पाऊस कमी होतो, झाडी विरळ होते आणि उघडी शेते सुरू होतात. तीन तासांच्या आत प्रवाशाला तीन वेगवेगळे प्रदेश भेटतात: दमट किनारा, ढगात बुडालेला घाट आणि कोरडा माथा. एका प्रदेशाची तयारी दुसऱ्यात उपयोगी पडत नाही. ही गोष्ट बैलवाल्यांना ठाऊक होती.

या वाटांचा वापर फार जुना आहे. गोव्याच्या कदंब राजांचा अंमल घाटाच्या खाली कोकणात होता तसा वर पलाशिका म्हणजे आजच्या हलशीच्या प्रदेशातही होता. हलशीचे भूवराह नरसिंहाचे मंदिर आजही खानापूर तालुक्यात उभे आहे. एक पाय किनाऱ्यावर आणि एक पाय माथ्यावर ठेवून राज्य करणाऱ्यांना घाटवाटा चालत्या ठेवाव्याच लागतात. पुढे राज्ये बदलली. शिवकालात या रानात भीमगड उभा राहिला, तो खालच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवण्यासाठी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सत्तरी पोर्तुगीजांकडे गेली. १८५२ साली दीपाजी राणे यांनी बंड उभारले तेव्हा सत्तरीच्या बंडखोरांना याच डोंगराचा आडोसा होता. राज्यकर्त्यांची ही ये-जा इतिहासाच्या पुस्तकांत सापडते. मात्र वाट खऱ्या अर्थाने जागती ठेवली ती लमाणांच्या तांड्यांनी.

'लमाण' हा शब्द लवण म्हणजे मीठ यापासून आला असे सांगितले जाते. गोव्याच्या मिठागरांतले मीठ, त्याच्या जोडीला नारळ, सुपारी, सोलां आणि सुकी मासळी वर जात असे. परतताना जोंधळा, डाळी, मिरची, गूळ, तूप, कापड खाली येत असे. तांड्याचा हंगाम पाऊस सरल्यावर सुरू होई आणि पुन्हा पाऊस लागण्यापूर्वी संपे. याचे कारण साधे आहे. मीठ भिजले की विरघळते, निसरड्या चढावर बैलाचा खूर टिकत नाही आणि ओढे भरले की उतार मिळत नाही. दिवसाची चाल तीन-चार कोसांची, कारण बैलांना वाटेत चरू द्यायचे असे. विकत वैरण घेतली तर मिठाचा भाव परवडायचा नाही.

बैल लादण्याचे एक शास्त्र होते. आधी पाठीवर गवत भरलेली जाड गादी, म्हणजे खोगीर. त्यावर कंठाळ. दोन्ही बाजूंचे वजन सारखे हवे. एक बाजू जड झाली तर चढावर गोणी एका अंगाला सरकते, बैलाची पाठ सोलते, आणि पाठ सोललेला बैल तांड्याला निरुपयोगी होतो. एका बैलावर साधारण शंभर किलोंच्या आसपास ओझे असे. मुक्कामाला पोचताच दोन माणसे दोन बाजूंना उभी राहून एकाच वेळी गोण्या उचलून खाली घेत. एकट्याने एक बाजू उतरवायची नाही, हा नियम. रात्री त्याच गोण्या रचून भिंत करायची आणि आत माणसे-जनावरे राहायची, म्हणजे वाघाचे भय कमी. पुढे चालणाऱ्या बैलाला घंटा, कवड्या आणि आरसे लावून सजवलेले असे. दाट धुक्यात मागच्या बैलांना त्या घंटेच्या आवाजावर चालता येई. वेलिंग्टनचा ड्यूक म्हणून पुढे प्रसिद्ध झालेला आर्थर वेलस्ली १८०३ साली दख्खनेत मराठ्यांविरुद्ध लढला, तेव्हा त्याच्या फौजेचे पोट या वंजारी बैलांवर अवलंबून होते. त्याच्या पत्रांतून बैलांची काळजी पुन्हा पुन्हा डोकावते.

वजन दोन्ही अंगांना तोलून नेण्याची ही कल्पना आपल्या भाषेत खोल मुरलेली आहे. खांद्यावर टाकायची दोन खणांची कापडी पिशवी म्हणजे 'पडशी'. एक खण छातीवर, एक पाठीवर. घोड्यावर टाकायची जोडपिशवी ती 'खुर्जी'. खांद्यावरच्या बांबूला दोन्ही टोकांना ओझे अडकवले की 'कावड'. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घर सोडून उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीतून मोठ्या कष्टाने परत आले. परतताना त्यांच्या खांद्यावर गंगेच्या पाण्याची कावड होती. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापला गेला. धन मिळवायला गेलेला माणूस लुटला जाऊनही कावड सांभाळून आणतो. परतीच्या ओझ्यासाठी खांदा राखून ठेवायचा, हे त्या पिढीला सांगावे लागत नव्हते.

याच प्रवासातून एक तिरकस शब्दही आपल्याला मिळाला. खोगीर फुगीर दिसावे म्हणून आत वाटेल तो कचरा, चिंध्या आणि गवत भरत. त्यावरून निरुपयोगी गोष्टींच्या भरण्याला आपण 'खोगीरभरती' म्हणू लागलो. लांबच्या प्रवासाला पहिल्यांदा निघालेल्या तरुणाची बॅग उघडून पाहावी, म्हणजे या शब्दाचा अर्थ नव्याने कळतो. चार जीन्स, दोन जोडी बूट, केस वाळवायचे यंत्र, आणि पंक्चर काढायचे सामान मात्र घरी!

कमी ओझे ही मराठी घोडेस्वारांची एके काळी ओळख होती. शिवकालातल्या स्वाराकडे घोडा, हत्यार, घोंगडी आणि भाकर-चटणीची शिदोरी एवढेच असे, म्हणून तो डोंगरात दिसेनासा होऊ शके. पुढे १७६१ साली पानिपतावर गेलेल्या फौजेबरोबर बायकामुले, यात्रेकरू आणि बाजारबुणगे यांचा मोठा लवाजमा होता. त्या पराभवाची कारणे अनेक असली, तरी हे ओझे पायात बेडीसारखे अडकले होते याबद्दल दुमत नाही. त्या सैन्यातला 'शिलेदार' स्वतःचा घोडा घेऊन येई, आणि 'बारगीर' सरकारी घोड्यावर बसे. आजही लडाखला जाणाऱ्यांत हे दोन वर्ग आहेतच. काही जण गोव्यापासून आपली गाडी चालवीत जातात, काही मनालीला जाऊन भाड्याची गाडी घेतात. शिलेदाराला आपल्या घोड्याचा प्रत्येक आवाज ओळखीचा असतो. त्याची तयारी तिथेच अर्धी झालेली असते.

बैलांची वाट मोडली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला. त्यानुसार गोव्याच्या मिठाचा ताबा इंग्रजांकडे गेला आणि त्या बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. इंग्रजांना आपल्या मुलखातल्या मिठाच्या कराला धोका नको होता. दारूवरही निर्बंध आले. १८८० पासून हा करार अमलात आला आणि १८९२ साली संपला. पण मधल्या बारा वर्षांत मिठागरे ओस पडली आणि जुनी गिऱ्हाइके तुटली. तेवढ्यात १८८८ साली मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंत रेल्वे पोचली. आता वजन इंजिन ओढू लागले. रेल्वेचा मार्ग जांबोटीच्या दक्षिणेकडून गेला आणि चोर्ल्याची पायवाट बाजूला पडली. तांडे हळूहळू दिसेनासे झाले.

दुसरा आघात विसाव्या शतकाच्या मध्याला बसला. १९५४ पासून भारत सरकारने पोर्तुगीज गोव्यावर निर्बंध आणले, परवाने आले, आणि १९५५ साली सत्याग्रहींवर गोळीबार झाल्यावर रेल्वेही थांबली. बेळगावचा बटाटा-कांदा इथे घाटावर असताना गोव्यात बटाटा नेदरलँड्सहून, चहा सिलोनहून आणि सिमेंट जपानहून जहाजाने येऊ लागले. ज्यांच्या मुली घाटावर दिल्या होत्या, ज्यांचे कुलदैवत सीमेपलीकडे होते, त्यांची ताटातूट झाली. हाकेच्या अंतरावरचा शेजारी समुद्रापलीकडच्या देशापेक्षा दूर गेला. डिसेंबर १९६१ मध्ये सैन्य गोव्यात उतरले तेव्हा त्याची जमवाजमव बेळगावातच झाली होती. मुक्तीनंतर बरीच वर्षे बेळगावची मुख्य वाहतूक अनमोड घाटानेच होत असे. चोर्ल्याचा रस्ता सुधारत गेला तसा तो साखळी-डिचोलीच्या लोकांना जवळचा झाला. आज गोव्याची भाजी आणि दूध या वाटेनेही उतरते. म्हणजे तांडा संपला, पण कंठाळीचे काम थांबले नाही.

मोटरसायकल या वाटेवर आली ती याच काळात. १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडियाने बुलेट बनवायला सुरुवात केली, ती मुळात लष्कराच्या गरजेपायी. साठच्या दशकाच्या सुरुवातीला म्हैसूरची जावा आणि एस्कॉर्ट्सची राजदूत आली. जावाचीच पुढे येझदी झाली. राजदूत आणि जावा टू-स्ट्रोक, त्यामुळे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागे. लांब जाणाऱ्याच्या सामानात ऑइलचा डबा, जादा स्पार्क प्लग, प्लगपाना आणि काजळी खरवडायला पॉलिशपेपर असायचाच. १९८५ च्या सुमारास हिरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १०० आल्या, २००१ साली पल्सर आली, आणि लांबचा प्रवास साध्या नोकरदाराच्याही आवाक्यात आला. त्याच दशकात सुवर्ण चतुष्कोन योजनेखाली पुणे-बेंगळुरू महामार्ग चौपदरी झाला. मग जांबोटीमार्गे बेळगाव गाठायचे आणि तिथून निपाणी, कोल्हापूर करीत उत्तरेला निघायचे, हा उत्तर गोव्यातल्या रायडरांचा ठरलेला मार्ग झाला.

आपल्या गोव्याला मोटरसायकलवर ओझे तोलणे शिकवले ते मात्र पायलटांनी. पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकलवरून माणसे वाहणारा पायलट मागे बसलेल्याच्या मांडीवरची मासळीची टोपली, भाजीची पिशवी, कधी गॅसचा सिलिंडर यांसह अरुंद रस्त्यातून सहज वळण घेतो. वजन मागच्या चाकाच्या पलीकडे गेले की पुढचे चाक हलके होते आणि गाडी ऐकत नाही, हे तो पुस्तकातून शिकलेला नसतो.

तेच नियम लांबच्या प्रवासाला लागू आहेत. जड वस्तू खाली आणि गाडीच्या मध्याकडे, हलक्या वस्तू वर. दोन्ही सॅडलबॅगांचे वजन हाताने उचलून तोलून पाहावे, जमल्यास वजनकाट्यावर ठेवावे. दोन्ही बाजूंत फरक राहिला तर सरळ रस्त्यावर तो जाणवत नाही, चोर्ल्याच्या वळणावर जाणवतो. सायलेन्सरच्या बाजूची बॅग गरम नळीला टेकत नाही ना, हे गाडीवर माणूस बसल्यावर पाहावे, कारण वजनाने सस्पेन्शन खाली बसते आणि अंतर कमी होते. बांधायला हुकाचे रबरी दोर मिळतात. पण जुने मेकॅनिक टायरच्या फाटक्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून देत, त्यांची पकड अजून कशाला नाही. सुटलेले टोक चाकात जाणार नाही याची खात्री करायची. दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर थांबून सगळे पुन्हा आवळायचे. तांड्यातले लोकही पहिल्या चढावर थांबून तेच करीत असावेत.

हत्यारांत प्लगपाना, पकड, स्क्रू ड्रायव्हर, ॲलन की, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या जादा केबली, चेनची जोडकडी, फ्यूज, बल्ब, इन्सुलेशन टेप आणि थोडी तार. ट्यूबच्या टायरला जादा ट्यूब आणि लिव्हर लागतात, ट्यूबलेसला पंक्चर काढायची सळई व दोरी आणि हवा भरायचा लहान पंप. नवी क्लच केबल जुन्या केबलीच्या बाजूने आधीच ओवून ठेवली, तर वाटेत पाच मिनिटांचे काम होते. इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत रस्त्याकडेचा मेकॅनिक फारसे करू शकत नाही. म्हणून निघण्याआधी ब्रेकचे पॅड, चेनचा ताण, टायरची नक्षी आणि बॅटरी तपासणे जुन्या गाड्यांपेक्षा अधिक गरजेचे झाले आहे. गाडीचे पुस्तक, विमा, पीयूसी आणि परवाना एका पाणी न शिरणाऱ्या पाकिटात, आणि ते पाकीट बॅगेच्या तळाशी नको. हेल्मेट चांगले हवे, मागे बसणाऱ्यालाही.

कपड्यांचा हिशेब घाटच सांगतो. खालच्या दमट हवेत घामाने भिजलेला शर्ट कणकुंबीच्या वाऱ्यात अंगाला गारठवतो, आणि गारठलेली बोटे ब्रेक उशिरा दाबतात. म्हणून रेनकोट आणि कोरडे हातमोजे सगळ्यांत वर, झटकन हाती येतील असे. बाकी प्रत्येक वस्तू आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग बॅगेत, कारण पावसाळ्यात इथला पाऊस शिवणीतूनही आत शिरतो. मीठवाले पाऊस टाळत. आपण मात्र पाऊस पाहायलाच निघतो, तेव्हा भिजणार नाही अशी बांधणी करणे आपले काम. धुके उतरले की दिवे लावून हळू जायचे. टाकी साखळीलाच भरून घ्यायची. घाटात मोबाईलची रेंज जाते, म्हणून कुठवर पोचल्यावर फोन करणार हे घरी सांगून निघायचे. खाण्याचे म्हणाल तर दशम्या, कोरडी चटणी, शेंगदाणे आणि गूळ यांना तोड नाही. ही शिदोरी नासत नाही आणि गाडीवर बसून खाता येते.

एक वस्तू मात्र गोव्याच्या माणसाने बॅगेत घालू नये. कणकुंबीच्या नाक्यावर अबकारीची तपासणी असते आणि गोव्याची दारू तिथे पकडली जाते. १८७८ च्या करारात मीठ आणि दारू या दोन्ही गोष्टी होत्या. मिठाचा पहारा केव्हाच उठला, दारूचा अजून आहे. घाटाच्या तोंडाशी ओझे उघडून दाखवणे ही या वाटेची जुनीच रीत म्हणायची.

एवढी तयारी झाली तरी एक गोष्ट राहते, आणि माझ्या मते सध्या तीच बॅगेबाहेर राहिली आहे. तांड्याच्या नाईकाला वाटेतले पाणी, गवत, उतार आणि गावचे लोक यांची माहिती असे. त्याचे सामान कमी असे, कारण उरलेले वाट पुरवील याचा त्याला भरवसा होता. आजच्या रायडरकडे सामान भरपूर आहे, पण जांबोटी त्याला चहाच्या थांब्यापलीकडे ठाऊक नाही. दुकानाच्या पाटीवर कन्नड अक्षरे दिसतात आणि चहावाला मराठीत बोलतो, याचे त्याला नवल वाटते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. या सगळ्या वर्षांत इथल्या माणसांनी मराठी टिकवून धरली. म्हादईच्या पाण्याचा वाद, २०१० चा लवाद आणि त्याचा २०१८ चा निवाडा हे शब्द आपण वर्तमानपत्रात वाचतो. पण ते पाणी कोणत्या रानातून येते, हे चोर्ल्याच्या वळणावर फोटो काढताना आपल्याला आठवत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना म्हादई आणि भीमगड ही अभयारण्ये आहेत. रात्री मोठ्या आवाजाने गाड्या नेल्या तर त्रास होतो तो तिथल्या जनावरांना. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीच्या गोळावलीत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले. ज्या वाघाच्या भयाने तांडेवाले गोण्यांची भिंत रचीत, त्याची आज ही अवस्था आहे.

आणखी एक बोलावेसे वाटते. गोव्यात घाटावरच्या माणसाला 'घांटी' म्हणण्याची खोड आहे. त्या शब्दात जो तुच्छपणा भरला आहे, तो आपल्या स्वयंपाकघरात टिकत नाही. आपल्या ताटातला कांदा, मिरची, डाळ आणि दूध घाटावरून येते, आणि एके काळी त्यांच्या जेवणातले मीठ आपल्या मिठागरांतून जात असे. कंठाळ दोन्ही बाजूंनी भरलेली असे, तशी ही देवाणघेवाणही दोन्ही बाजूंची होती. एकच बाजू जड झाली तर काय होते, हे बैलाच्या पाठीने फार पूर्वी सांगितले आहे.

तेव्हा पुढच्या लांबच्या सफरीची यादी करताना हत्यारे आणि रेनकोट यांच्या जोडीला या वाटेची थोडी माहितीही घेऊन निघावे. तिचे वजन काहीच नसते. जांबोटीच्या तिठ्यावर चहाबरोबर दोन शब्द बोलावेत, पुढच्या रस्त्याची चौकशी करावी. खड्डा कुठे आहे आणि ओढा कुठे चढला आहे, हे तिथल्या माणसाला कुठल्याही नकाशापेक्षा चांगले ठाऊक असते. वाटेतला आपला कचरा ठेवायला एक रिकामी पिशवी असू द्यावी. आणि एका सॅडलबॅगेत परतीसाठी थोडी जागा ठेवावी. बेळगावचा कुंदा घरी न्यायचा असतो, आणि तो दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा भरला की गाडी घाट नीट उतरते.